'नेट गेलं', 'खंडित झालं' की 'बंद केलं'?

कळफलक
एक शब्द हवा आहे, आणि नेमका हवा आहे. एकाच घटनेची बातमी चार दैनिकांत चार तऱ्हेनं येते: "इंटरनेट सेवा खंडित", "नेटबंदी लागू", "मोबाईल इंटरनेट निलंबित", आणि एखाद्या हौशी मथळ्यात "डिजिटल संचारबंदी". बोलताना मात्र अंबड असो की गेवराई, माणूस "नेट गेलं" म्हणून मोकळा होतो. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे मानायचे का?

मथळ्याच्या सरावासाठी असा दिवस धरा: अंबड तालुक्यात संचारबंदी आहे आणि तीन जिल्ह्यांत मोबाईल इंटरनेट बंद आहे. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस जवळपास हेच चित्र होतं. अंबड तालुक्यात संचारबंदी, आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट सेवा बंद. अशा दिवशी मथळा काय द्यावा?

बोरू
ताई, आधी 'संचारबंदी' बाजूला काढा, सगळ्यात मोठा घोळ तिचाच आहे.

'संचार' म्हणजे हिंडणं-फिरणं. बिबट्याचा मुक्त संचार असतो, देवीचा अंगात संचार होतो, आणि माणसांच्या संचारावर बंदी आली की कर्फ्यू. इथपर्यंत ठीक. पुढं टेलिकम्युनिकेशनला प्रतिशब्द करताना 'दूरसंचार' केला. त्यात हिंडतो तो शब्द, माणूस घरीच असतो. म्हणजे मराठीत माणसाच्या फिरण्याला आणि निरोपाच्या फिरण्याला एकच धातू लागला. कवितेला हे छान आहे, बातमीला नाही. "डिजिटल संचारबंदी" वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा की दूध आणायला बाहेर पडायचं की नाही. ज्या दिवशी खरी संचारबंदीसुद्धा लागू आहे त्या दिवशी हा अलंकार अंगावर येतो.

'दळणवळण' त्याहून जुना आणि ऐसपैस शब्द. रस्ता, एसटी, टपाल, टेलिफोन सगळं त्यात येतं. "पुरामुळे दळणवळण ठप्प" हे बरोबर आहे, पण नुसतं नेट बंद असताना तो फार मोठा पडतो. 'संज्ञापन' पुणे विद्यापीठातल्या विभागाच्या नावात आहे. तिथंच राहू द्या.

मनोरा
"नेट गेलं" हे "लाईट गेली"च्या चालीवर आलंय. गेलेल्या गोष्टीला घालवणारा नसतो. पण फोनच्या पडद्यावर चार वेगवेगळी दुखणी जवळजवळ सारखीच दिसतात. बातमीदारानं आधी दुखणं ओळखावं, मग क्रियापद निवडावं.

दांड्याच नाहीत, फोन लागत नाही: टॉवर गेला. गावाची लाईट गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेल जनरेटरवर. डिझेल संपलं की टॉवर बसतो. इथं "रेंज गेली" हेच नेमकं.

दांड्या पूर्ण, पण ना फोन लागतो ना पान उघडतं, आणि त्रास एकाच कंपनीच्या सिमला: बहुतेक वेळा फायबर तुटलेली असते. रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा दात लागला की झालं. टॉवर उभा आहे, फोनला तो दिसतोय, पण टॉवरच्या पाठीमागचा रस्ताच तुटलाय. इथं "सेवा खंडित झाली" शंभर टक्के बरोबर.

दांड्या पूर्ण, फोन कधी लागतो कधी नाही, नेट गरगर फिरतं आणि रात्री अकरानंतर सुधारतं: गर्दी. यात्रा, मोठी सभा, निकालाचा दिवस.

दांड्या पूर्ण, फोन लागतो, एसएमएस जातो, पण मोबाईल डेटावर एकही पान उघडत नाही, आणि सगळ्या कंपन्यांचं एकाच सुमाराला: आदेश. घरचं किंवा दुकानातलं वायफाय तेवढ्यात चालू असेल तर आदेश फक्त मोबाईल इंटरनेटचा आहे, असं धरायला हरकत नाही.

चौथ्यात लोक हमखास अडखळतात. "४जीवर फोनसुद्धा डेटावरच चालतो, मग नेट बंद असताना फोन कसा लागतो?" टॉवरपासूनचा रस्ता एकच असला तरी पुढं दोन फाटे आहेत. बोलणं एका एपीएनवरून (कंपनीच्या जाळ्यातलं एक दारच म्हणा) जातं आणि इंटरनेट दुसऱ्यावरून. आदेश आला की कंपनी इंटरनेटचा फाटा अडवते, बोलण्याचा मोकळा ठेवते. "फोन लागतोय म्हणजे नेट बंद केलेलं नाही, काहीतरी बिघाड असेल" हा निष्कर्ष त्यामुळंच चुकतो.

धाराशिवकर
बोलीवर सगळा दोष नका टाकू. आमच्याकडं "नेट चालना गेलंय" म्हणतेत, त्यात करणारा नाही, मान्य. पण करणारा दाखवायचा असला की बोलीत क्रियापद लगेच बदलतं. "लाईट गेली" येगळं आन् "लाईट कापली" येगळं. बिल थकलं, वायरमन खांबावर चढला, तर "गेली" कुणीच म्हणत नाही, "कापली"च म्हणतेत. डीपी जळली आन् डीपी बंद केली यातला फरक शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही, कारण पहिल्यात अर्ज करायचा असतो आन् दुसऱ्यात भांडायचं असतं. नेटलाही "कापलं" चालायला हरकत काय?

बोरू
"कापलं" मला आवडलं. छापील मथळ्यात जरा आक्रमक वाटेल, पण अर्थानं चोख आहे.

'खंडित'वर मात्र अन्याय होतोय. "थकबाकीमुळे वीजपुरवठा खंडित केला" असं वीज कंपनीच्या नोटिशीतच असतं. म्हणजे 'खंडित' हा शब्द मुळात निष्पाप किंवा पापी नाही. पाप आहे ते "करण्यात आली" या सरकारी कर्मणीत, आणि मथळ्यात क्रियापदच गाळण्यात. "इंटरनेट सेवा खंडित", पुढं पूर्णविराम. झाली की केली? वाचणारा स्वतःच्या स्वभावाप्रमाणे भरून घेतो.

'बंद'चं तर चार क्रियापदांवर सगळं अवलंबून. बंद पडलं म्हणजे बिघाड. बंद केलं म्हणजे सत्तेनं. बंद पुकारला म्हणजे आंदोलकांनी. बंद पाळला म्हणजे दुकानदारांनी, मनानं किंवा भीतीनं. "जिल्हा बंद, नेट बंद" असा जोडमथळा यमकासाठी दिला जातो. पहिला बंद सरकारविरुद्ध आणि दुसरा सरकारकडून, दोन्हींना एकच शब्द, आणि वाचणाऱ्याला वाटतं आंदोलकांनीच नेटही बंद पाडलं.

कळफलक
बरं, मग "जिल्हाधिकाऱ्यांनी नेट बंद केलं" असं कर्त्यासकट लिहिलं तर बरोबर ना?

कलमवाला
व्याकरण बरोबर, माहिती चूक. फार सर्रास होणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

एका दिवशी दोन वेगळे आदेश असतात आणि ते दोन वेगळ्या टेबलांवरून निघतात. जमावबंदी किंवा संचारबंदीचा आदेश जिल्हादंडाधिकारी काढतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. ("१४४ लागलं" हा बोलीतला प्रयोग मात्र आकडा बदलला तरी जाणार नाही असं दिसतं.) शिवाय आपल्याकडं महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहे. सणवार, मोर्चे आले की जिल्हा माहिती कार्यालयाच्या पत्रकात "३७ (१) (३)" दिसतं तेच. उपकलम १ शस्त्रांचं, ३ जमावाचं.

इंटरनेटचा आदेश राज्याच्या गृह खात्याच्या सचिवाचा असतो किंवा केंद्रीय गृहसचिवांचा. अगदीच अटळ परिस्थितीत सहसचिव दर्जाच्या, आधी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला तो काढता येतो, पण २४ तासांत सचिवाची पुष्टी मिळाली नाही तर आदेश आपोआप संपतो. जिल्ह्यातून प्रस्ताव जातो, विनंती जाते, बस. म्हणून कर्ता 'गृह विभाग' किंवा 'राज्य शासन'. कलेक्टर ऑफिससमोर "नेट चालू करा" म्हणून निवेदन देणारा चुकीच्या दारात उभा असतो, आणि बऱ्याचदा मथळ्यानंच त्याला तिथं पाठवलेलं असतं.

नियमांची नावंही मजेशीर आहेत. २०१७ चे तात्पुरत्या निलंबनाचे नियम भारतीय तार अधिनियम, १८८५ खाली केले होते. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिच्या कायद्यानं २०१७ पासून पुढची सात वर्षं इंटरनेट बंद केलं. आता दूरसंचार अधिनियम, २०२३ आहे आणि त्याखाली नोव्हेंबर २०२४ चे नवे नियम. कायद्यातला शब्द 'निलंबन' आहे, म्हणजे काही काळापुरतं थांबवणं. एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस, ही मर्यादा २०२० मध्ये आली. आदेश कारणांसह लेखी हवा, प्रसिद्ध करायला हवा, आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाच दिवसांत तो तपासायला हवा.

बोरू
निलंबन म्हटलं की मला तलाठी आठवतो.

कलमवाला
आठवणारच. पण दोन्हीकडं अर्थ एकच. निलंबित तलाठी बडतर्फ नसतो, आणि निलंबनाला मुदत आणि फेरतपासणी चिकटलेली असते. 'बंद'ला ती नाही. म्हणून बातमीच्या पहिल्या परिच्छेदात "बंद केलं" लिहा, दुसऱ्यात 'निलंबनाचा आदेश' लिहून त्याची तारीख आणि मुदत द्या. मुदतीशिवाय बातमी अपुरी.

प्रसिद्धीची अट फुकट आलेली नाही. अनुराधा भसीन या काश्मीर टाइम्सच्या संपादक. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये फोन-इंटरनेट बंद झाल्यावर अंक काढणं अशक्य झालं म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० च्या निकालात न्यायालय म्हणालं की बेमुदत निलंबन चालणार नाही, उपाय कारणाच्या प्रमाणात हवा आणि आदेश प्रसिद्ध करा, म्हणजे ज्याला आव्हान द्यायचं त्याला देता येईल. या निकालाचाही मथळा चुकतो. "इंटरनेट हा मूलभूत हक्क" असं न्यायालयानं म्हटलेलं नाही. इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना अनुच्छेद १९ चं संरक्षण आहे, असं म्हटलंय. म्हणजे संरक्षण बोलण्याला आहे, वायरला नाही. कोर्टात या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

धाराशिवकर
आदेश "प्रसिद्ध करणे" यावरून निजामाच्या काळातला शब्द आठवला: गश्ती. 'गश्ती निशान ५३'. गश्ती म्हणजे परिपत्रक, निशान म्हणजे क्रमांक. १९२० च्या दशकाच्या अखेरीला हैदराबाद संस्थानात निघालेली ही गश्ती. जाहीर सभेला आधी सरकारी परवानगी घ्या, असा तिचा मतलब. मुक्तिसंग्रामावरच्या प्रत्येक भाषणात "काळी गश्ती" येते, पण आजच्या पोराला ती पोलिसांची गस्त वाटते.

तसं वाटणं चुकीचंही नाही म्हणा. मूळ एकच, 'गश्त' म्हणजे फिरणं. पोलीस फिरतो ती गस्त, कागद कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरतो ती गश्ती. आन् कागद फिरला की माणसांचं जमणं थांबतं. बोरू सरांनी 'संचार'चं सांगितलं तेच इकडं फारसीतून आलंय.

दुसरा दाखला छापील शब्दाचा. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं ते पुण्यातून, संस्थानाच्या हद्दीबाहेरून. नाव मराठवाडा, छापखाना पुण्यात. संस्थानात बंदी आली की नाव बदलून अंक यायचा. तिथं 'बंदी' शब्द बरोबर होता: अंक बाळगणाराही गुन्हेगार.

कलमवाला
हाच मुद्दा 'नेटबंदी'च्या विरोधात जातो. दारूबंदीत पिणारा दोषी, जमावबंदीत जमणारा, शस्त्रबंदीत बाळगणारा. 'बंदी' लावली की समोरचा माणूस आपोआप आरोपी होतो. इंटरनेट निलंबनाचा आदेश कंपन्यांना असतो: सेवा देऊ नका. शेजाऱ्याच्या चालू वायफायवरून निरोप पाठवणाऱ्यानं त्या आदेशाचा भंग केलेला नसतो. पण "नेटबंदी लागू" वाचून लोक घाबरून राउटरची पिन काढून ठेवतात. मजकूर आक्षेपार्ह असेल तर त्याचा गुन्हा वेगळा, तो नेट चालू असतानाही असतोच.

बोरू
सहमत, पण अर्धा. 'नेटबंदी' आता 'नोटबंदी'च्या चालीवर रुळलाय, आणि नोटबंदीत तरी दोन-चार जुन्या नोटा बाळगणारा कुठं आरोपी होता? रुळलेला शब्द आपण सांगून उखडत नाही. मथळ्यात चालू द्या, बातमीत समजावून सांगा. (आणि 'जमावबंदी'तला 'व' विसरू नका. 'जमाबंदी' म्हणजे महसुलाची आकारणी. जमाबंदी आयुक्त पुण्यात बसतात आणि त्यांना कुणाच्या मोर्चाशी देणंघेणं नाही.)

कळफलक
एखादंच ॲप किंवा साईट उघडत नसेल तर? तिथंही लोक "नेट बंद" म्हणतात.

कलमवाला
तो वेगळा प्राणी. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम ६९-क, त्याखाली २००९ चे नियम. त्याला 'अडवणे' म्हणा, 'ब्लॉक' म्हणा. मोठा फरक असा की नेट निलंबनाचा आदेश प्रसिद्ध करावा लागतो आणि साईट अडवल्याचा आदेश नियमानंच गोपनीय असतो. म्हणून दुसऱ्या प्रकारात कर्ता लिहिताना जपून. माहीत नसेल तर "अमुक साईट उघडत नाही" एवढंच लिहावं.

शेजारचं उदाहरण नेपाळचं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथं नोंदणी न केल्याच्या कारणावरून २६ समाजमाध्यमं अडवली. नेट चालूच होतं. लोक रस्त्यावर उतरले, बंदी मागं घेतली गेली, पंतप्रधान ओलींना पायउतार व्हावं लागलं. मराठीत बऱ्याच ठिकाणी "नेपाळमध्ये इंटरनेट बंद" छापलं. ते चूक. 'समाजमाध्यमबंदी' लांब आहे, पण खरी आहे.

मनोरा
आणखी एक फसवा शब्द: 'चालू'. काश्मीरमध्ये जानेवारी २०२० च्या अखेरीस "नेट चालू केलं", पण २जी. ४जी सगळीकडं परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. २जीवर साधा निरोप जातो, फोटो ताटकळतो, व्हिडिओ विसरा. कागदावर चालू, हातात गरगर. याला 'संथ केलं' किंवा 'वेग आवळला' म्हणावं. 'संथ झालं' नाही, पुन्हा तोच झाली-केलीचा घोळ. उलट टोक म्हणजे जानेवारी २०११ चा इजिप्त. जवळजवळ अख्ख्या देशाचं नेट पाच दिवस बंद, आणि २८ तारखेला मोबाईल फोनही. तिथं लँडलाईनवरून परदेशातल्या नंबरांना डायल-अप करून लोकांनी वाट काढली. तिथं 'संपर्क तोडला' शोभतं. आपल्याकडं फोन चालू असताना "संपर्क तुटला" लिहू नका.

आणि हद्द. आदेश जिल्ह्याचा असतो, टॉवरला जिल्हा कळत नाही. कंपनी टॉवरच्या यादीवरून सेवा बंद करते. गोदावरीच्या अलीकडं शहागड, जालना जिल्हा, पलीकडं गेवराई तालुका, बीड. एकाच जिल्ह्यात आदेश असेल तर काठावरच्या गावात फोन पलीकडचा टॉवर धरतो आणि नेट चालतं, किंवा आदेश नसलेल्या गावात बंद पडतं. म्हणून "जिल्ह्यात सर्वत्र बंद" लिहिण्याआधी काठावरच्या दोन गावांत फोन लावा.

कळफलक
वाचकांना उपयोगी चौकट द्यायची झाली तर? नेट बंद असताना काय चालतं?

मनोरा
फोन आणि एसएमएस, आदेशात त्यांचा उल्लेख नसेल तर. पैशासाठी *९९# डायल करून यूपीआय चालतं, त्याला डेटा लागत नाही, मराठी पर्याय आहे, एका व्यवहाराला कमाल ५,००० रुपये. दोन अडचणी. पिन आधी ठरवलेला हवा (डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते), आणि २जी-३जी नसलेल्या नेटवर्कवर ही सोय चालेलच असं नाही. क्यूआर दाखवून चालणारं ॲप, रेशन दुकानातली ई-पॉस, आधारवर अंगठा लावून पैसे काढणं ही कामं मोबाईल डेटावर असतील तर थांबतात. चौकटीला "नेट बंद: रेशनचं काय?" असं नाव द्या, वाचतील.

एसएमएसमध्ये मराठीला एक चिमटा बसतो. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० वर्णं, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगळे मोजतात. 'संचारबंदी' डोळ्याला पाच अक्षरं, फोनला नऊ: स, अनुस्वार, च, काना, र, ब, अनुस्वार, द, वेलांटी. ७० ओलांडले की निरोपाचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात ६७, आणि पैसे किंवा कोटा दोन एसएमएसचा. नेट नसलेल्या दिवशी माणसं "kuthe" छापाच्या रोमन मराठीकडं वळतात ती आळसानं नाही.

बोरू
एक राहिलंच, 'आणीबाणी'. जुन्या तार अधिनियमाच्या कलम ५(२) मध्ये 'सार्वजनिक आणीबाणी' आहे. ते वाचून "जिल्ह्यात आणीबाणी" असा मथळा देऊ नका, वाचकाला १९७५ आठवतं. तरी एक सांगतो. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली आणि दुसऱ्या दिवशी अनेक अंक निघालेच नाहीत. त्या रात्री छापखान्यातल्या फोरमनलाही आधी "लाईट गेली" असंच वाटलं असणार.

कळफलक
तर मग असं: "अंबड तालुक्यात संचारबंदी, तीन जिल्ह्यांत शासनाकडून मोबाईल इंटरनेट बंद". जागा कमी पडली की उपसंपादक पहिल्यांदा "शासनाकडून" उडवतो, तेवढी भीती आहे.

मनोरा
मोजलं. ६९ भरतात. एका एसएमएसमध्ये बसतो, उडवायची गरज नाही.

कलमवाला
"गृह विभागाकडून" जास्त नेमकं आहे.

मनोरा
त्याचे ७४ होतात. दोन एसएमएस.